सासूने बसवलेली दहावी

माण तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर दहिवडीला जावं लागे. वडील मुंबईत हमाली करायचे. तिथे ओझ्याखाली त्यांची कंबर मोडली आणि ते घरी येऊन खाटेवर पडले. आई मेंढरांमागे जाऊ लागली. मी थोरली, म्हणून धाकट्यांचं आणि चुलीचं माझ्यावर आलं. शाळा सोड असं कुणी म्हणालं नाही. ती आपोआपच सुटली.

अठरावं सरताच कोरेगावात लग्न झालं. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. सासू विधवा, लोकांच्या रानात तण काढायला, भांगलायला जायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना वाचता येत नव्हतं. एकदा दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरचं मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, शाळा का सोडलीस? मी सांगितलं. मग शेजारच्या शिक्षिकाबाईंना विचारून त्यांनीच मला बाहेरून दहावीला बसवलं.

मी गणितात नापास झाले. पुढच्या वर्षी परत गणितातच. तोवर मुलगी झाली होती. भाकरी थापताना सूत्रं घोकायची आणि पेपर हातात आला की सगळं पुसलं जायचं. निकालाच्या दिवशी मी आत्यांना म्हटलं, "आता बास. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "मी जलमभर लोकाच्या बांधावर ऱ्हायले. तू न्हाई ऱ्हायची. पोरगी मी बघती. तू परत बस."

तिसऱ्या खेपेला गणित सुटलं. मग बारावी, मग नर्सिंगसाठी सांगलीचं वसतिगृह. सुट्टीत घरी यायचे तेव्हा मुलगी मला बघून आत्यांच्या पदराआड लपायची. आत्या तिला पुढे ढकलायच्या. मी हात पुढे करून तशीच उभी राहायचे.

आता सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. परवा एका शाळेने मुलींना जिद्दीवर दोन शब्द सांगायला बोलावलं. रात्रपाळी उरकून तशीच गेले होते. बोलताना डोळे मिटत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, कधी कंटाळा नाही आला?"

"आला की," मी म्हटलं. "अजून येतो."

मुख्याध्यापकांना ते फारसं रुचलं नसावं. पण दुसरं खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

घरी आले तर आत्यांना अंघोळ घालायची राहिली होती. वर्षभरापासून त्यांचं डावं अंग लुळं आहे. अंग पुसून लुगडं नेसवलं, तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं.

"लय दमलीस. बस जरा."

मी खाली टेकले. रात्रीच्या पाळीला अजून वेळ होता.