ताईच्या खोलीचा फोटो

त्याला सगळे कोपरे म्हणायचे आणि निम्म्या लोकांना ते त्याचं आडनाव वाटायचं. एका दलालाने तर पाकिटावर 'श्री. कोपरे' असं लिहून पाठवलं होतं. आडनाव कसलं डोंबलाचं, तो त्याचा धंदा. विकायला काढलेल्या घरांचे फोटो काढायचा तो. घरात शिरला की घरमालकाशी धड बोलणं नाही, बसणं नाही, सरळ कोपऱ्यात जायचा आणि भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. कोपऱ्यातून खोली सगळ्यात मोठी दिसते. तीस वर्षं हेच केलं त्याने, आणि त्याच्या एकूण एक शर्टाला पाठीवर चुना लागलेला असायचा.

माझं दुकान जुन्या कॅमेऱ्यांचं. विकतो, दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांची बडबड फुकटात ऐकतो. कोपरे दर शनिवारी दुपारी यायचा. आला की कॅमेऱ्याची एक बॉडी काढून मागायचा, तिच्यावर लेन्स चढवायचा आणि माझ्याच दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहून माझ्याच कपाटाकडे बघत बसायचा. दोन वर्षं त्याचं एकच चाललं होतं. जुनी बॉडी ठेवू की नवी घेऊ? जुनीचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी पट्टी, लहान, तिच्यावर कितीही रुंद लेन्स लावा, कडेची भिंत कापली जायची. मोठ्या सेन्सरची बॉडी पुरी खोली दाखवायची, पण वजन असं की दिवसाला पाच घरं केली की मनगटात पेन धरायचं बळ राहायचं नाही. बॉडीचं ठरत आलं की लेन्सवर घोडं अडायचं. चोवीसची की सोळाची? लेन्सचा आकडा जितका लहान, तितकं जास्त मावतं. चोवीसची सरळमार्गी. सोळाची सगळं आत घेते, पण कडेच्या वस्तू ताणते आणि समोरचं लांब ढकलते. दाराजवळची कुंडी भोपळ्याएवढी होते. ह्या सगळ्याचा तो असा कीस काढायचा की मी हात टेकायचो. एकदा वैतागून म्हणालो, अरे, बायको करतानासुद्धा माणूस इतका विचार करत नाही. तर म्हणतो, "म्हणूनच राहिली करायची."

हसलो दोघंही. पण मला ठाऊक होतं, त्याला घ्यायचं काहीच नव्हतं. शनिवार ते शनिवार ह्या माणसाशी दुसरं कोणी बोलत नसे. ज्या घरात जायचा त्या घरात फोटो निघेपर्यंत माणसं नको असायची. 'आपण जरा बाहेर उभे राहता का,' हे वाक्य त्याने आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं असेल, तितकं दुसरं कुठलंच नसेल. बिचारा स्वतःच्या घरी गेला की तिथे बाहेर काढायलाही कोणी नव्हतं. हे त्याला लागायचं. कधीतरी बोलूनही दाखवायचा, आणि लगेच लेन्सची काच पुसायला घ्यायचा.

एक ताई होती. बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्याला कडेवर घेऊन तिनेच वाढवला. ती मुलाकडे राहायची, बसने सहा तासांवर. गेल्या वर्षी भर दुपारी बाथरूमकडे जाता जाता पडली, खुबा मोडला, तीन महिने अंथरुणात. बरी झाली, पण चालायची धास्ती बसली ती बसलीच. आणि आता त्या भाच्याला परदेशात नोकरी लागली. महिन्याभरात बायकापोरांसकट निघायचं. ताईचं काय, हा प्रश्न होता. एक तर तिथलाच एक वृद्धाश्रम, तो भाच्याने बघून ठेवला होता. नाहीतर कोपरेचं घर. हे घर त्याने चार वर्षांपूर्वीच घेतलेलं, ताईने पाहिलेलं नव्हतं. भाच्याने फोन केला, मामा, खोलीचे फोटो पाठवा, आईला दाखवतो, मग ती ठरवेल.

त्या मंगळवारी कोपरे दुकानात आला. शनिवार सोडून हा माणूस आला म्हटल्यावर मला वाटलं कोणी गेलं की काय. पण तोंडावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. एका दमात सगळं सांगितलं. ताईची खोली त्याने आठ दिवसांत तयार केली होती. भिंती रंगवल्या, पलंग आणला, स्वतःचं कपाट उचलून हॉलमध्ये टाकलं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. पलंग कुठे ठेवायचा यावर दोन दिवस खल झाला, स्वतःशीच. शेवटी असा ठेवला की ताईच्या चालीने बाथरूम सहा पावलांवर यावं. ताईच्या चालीने म्हणजे कशी, हे त्याने मला दुकानात चालून दाखवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, बारीक बारीक पावलं टाकत काउंटरला वळसा घालत होता.

"आता फक्त खोली मोठी दिसायला हवी," तो म्हणाला.

दोन वर्षं जे ठरलं नव्हतं ते दोन मिनिटांत ठरलं. मोठ्या सेन्सरची बॉडी मीच त्याला वापरायला दिली. चोवीसची लेन्स त्याच्या हातात होती, ती मी काढून घेतली आणि म्हणालो, सोळाचीच ने. मला कोणी विचारलं नव्हतं. पण उंटावरच्या शहाण्याला थोडंच विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी फोटो दाखवायला आला. काय फोटो होता. खिडकीचा उजेड, सरळ रेघेत भिंती, चादरीवर एक सुरकुती नाही. अलीकडे पलंग, पलीकडे फरशीच फरशी, आणि पार शेवटाला बाथरूमचं दार, काड्यापेटीएवढं. मी म्हणालो, वा, राजवाडा आहे. तोही खूश झाला. दोघं मिळून साठ वर्षं ह्या धंद्यात घालवलेली आम्ही माणसं, आम्हाला दिसली ती मोठी खोली. घर दाखवायचं तर मोठं दाखवायचं, इतकंच आम्हाला कळत होतं. दुसरं काही मनातही आलं नाही.

शनिवारी तो दुकानात असतानाच ताईचा फोन आला. त्याने तो काउंटरवर ठेवून मोठ्याने लावला, मलाही ऐकू यावं म्हणून. कौतुक ऐकायला मिळणार होतं ना.

"बारक्या, खोली फार छान केलीस रे," ताई म्हणाली. "पण बाथरूम केवढं लांब."

"लांब नाही गं ताई. सहा पावलं आहेत."

"मी पाहिलं ना फोटोत. एवढं चालणं मला जमायचं नाही आता."

त्याने सांगितलं, ती लेन्सची करामत आहे, सगळंच लांब दिसतं तिच्यातून. घाईघाईत सेन्सर सांगितला, आकडे सांगितले, सोळा आणि चोवीस. ताई हसली. म्हणाली, इतकी वर्षं लोकांना फोटोतून घरं दाखवतोस, आणि आता मला सांगतोस फोटोतलं खरं नसतं?

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस तू. लहानपणापासून तसाच आहेस," ती म्हणाली. "इथल्या आश्रमातल्या खोलीचा फोटो दाखवला मला पोराने. लहान आहे, पण बाथरूम पलंगाला चिकटून. तिथे मला भीती वाटणार नाही रे."

फोन बंद झाल्यावर मी त्याच्यावर उखडलो. खरं तर स्वतःवरच उखडलो होतो, पण तोंडासमोर तो होता. म्हटलं, ऊठ, साध्या लेन्सने काढ आणि आत्ताच्या आत्ता पाठव. त्याने घरी जाऊन पन्नासची लावून काढला. खोली लहान, त्यामुळे तिच्यातून अर्धा पलंग दिसला आणि दाराची चौकट. ताईचं उत्तर आलं, ते दाखवायला तो परत दुकानात आला: ह्यात तर काहीच दिसत नाही, मधलं सगळं लपवलंस. मी म्हटलं, मग जा आणि उचलून घेऊन ये तिला, डोळ्यांनी पाहू दे. तर लेन्स काढून ठेवत म्हणाला, "आग्रहाने आणली आणि इथे पडली तर?"

आठवडा त्याने जाऊ की नको करण्यात घालवला, लेन्ससारखाच. जायचं ठरवलं तोवर भाच्याचा निरोप आला, घर सोडलं, आईला आश्रमात पोचवलं, आमचं विमान उद्याचं.

रविवारी तो ताईला भेटायला गेला. कॅमेरा नेला नाही. पुढच्या शनिवारी येऊन त्याने हे मला सांगितलं, आणि त्या दिवशी एकाही लेन्सला हात लावला नाही. आश्रम स्वच्छ होता. माणसं बरी होती. ताईने त्याला खिडकी दाखवली, कपाट दाखवलं, शेजारच्या पलंगावरच्या बाईंची ओळख करून दिली, माझा धाकटा भाऊ, मोठा फोटोग्राफर आहे. मग तिला बाथरूमला जायचं होतं. ह्याने कोपराला धरून उठवलं आणि तिच्याबरोबर चालू लागला. पावलं मोजायची असं काही मनात नव्हतं म्हणे. आपोआप मोजली गेली. पलंगाला वळसा, मग टेबल, मग शेजारच्या बाईंची खुर्ची. अकरा. भाच्याने फोटो खोलीच्या दारातून फोनने झूम करून, लांबचं पुढे ओढून काढला असणार, तसा काढला की पलंग आणि मागचं दार एकमेकांना चिकटतात. कोपरेला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी मध्येच विचारलं, मग सांगितलंस की नाही तिला? नाही म्हणाला. कशाला सांगू, आता तिला कुठे जायचंय? रोज अकरा पावलं चालेल आणि रोज तेच मनात येईल तिच्या.

दाराशी पोचेपर्यंत ताईला धाप लागली होती. चौकट घट्ट धरून ती ह्याच्याकडे वळली आणि समाधानाने म्हणाली, "बघ, किती जवळ आहे. तुझ्याकडे आले असते तर माझे हालच झाले असते की नाही?"

"हो ताई," तो म्हणाला. "इथे जवळ आहे."

मग ती आत गेली, आणि परत पलंगापर्यंत तिला धरायला कोणीतरी हवं म्हणून तो दाराबाहेर उभा राहिला.