जियाचा दुसरा भोपळा

परवा रविवारी इंझोरीच्या बुद्धविहारात जियाची एकतारी वाजली. ऐकायला आम्ही जेमतेम दहा जण होतो... पण तेव्हापासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, म्हणून इथे लिहितेय.

मी इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. आठवडाभर लसी, बीपी, बाळंतिणी... आणि रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर पोरांचा वर्ग. गाणं आणि हातकाम, दोन्ही एकत्र.

आजकालच्या मुलांना धीरच नाही, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. धीर धरावा असं काही आपण त्यांच्या हातात देतो का, ते आधी बघावं.

म्हणून यंदा ठरवलं, जयंतीच्या कार्यक्रमात पोरं गाणं म्हणतील आणि साथीला त्यांनी स्वतः बनवलेल्या एकताऱ्या असतील. धनजला माझा भाऊ शेताच्या कुंपणावर कडू भोपळ्याचे वेल सोडतो. त्याच्याकडून पोतंभर वाळलेले भोपळे आणले, तार वाशीमहून आणली.

एकतारी दिसायला सोपी. भोपळा कापायचा, आतलं खरवडायचं, पॉलिशपेपरने घासायचा. मग दोन बाजूंना भोकं पाडून बांबू आरपार घालायचा... इथे खरी परीक्षा. भोक कानशीने जरा जरा मोठं करत जायचं, बांबू आपसूक सरकला पाहिजे.

घासताना आम्ही गाणं म्हणतो, हात तालावर चालतो. कुणाला कंटाळा आला की लय पळायला लागते आणि ते लगेच कानाला कळतं... मग सगळे हसत पुन्हा पहिल्या ओळीवर.

जिया चौथीत आहे. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईची. तिचे वडील संतोषभाऊ शेती करतात. तिला न्यायला आले की मोटरसायकल बंदसुद्धा करायचे नाहीत.

"ताई, हे भोपये घासून काय होते? पोट्टी अभ्यास सोडून इथं बसून राह्यते," असं त्यांचं म्हणणं. हाही अभ्यासच आहे, असं मी सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी जाहीर करून टाकलं... जयंती झाली की जियाचं येणं बंद.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी सगळ्यांचे बांबू बसले, जियाचाच बसेना. मी दुसऱ्या एकीला तार लावून देत होते, तेवढ्यात 'कडाड' असा आवाज आला. जियाने भोकात बांबू ठेवून वरून दगड घातला होता. भोपळा वरपासून खालपर्यंत फाटला.

जियाने दोन्ही फाका जुळवून धरल्या... हात सोडला की पुन्हा उघडत होत्या. आणि नेमके तेव्हाच संतोषभाऊ आले.

"पाह्य, मी सांगून राह्यलो होतो ना? चाल घरी."

मला तिचं तोंड बघवेना. मी लगबगीने माझी स्वतःची एकतारी काढली आणि तिच्यापुढे धरली. म्हटलं, कार्यक्रमात ही वाजव.

जियाने बाहीने डोळे पुसले. "नाही ताई. ही तुमची हाय. दुसरा भोपया हाय का?"

"अगं, पण कार्यक्रमापर्यंत नवी एकतारी व्हायची नाही."

"नाही झाली तं नाही झाली. मी नुसतं गाणं म्हनीन. माही झाल्यावर वाजवीन."

त्या क्षणी घाई मलाच झाली होती. ती पोर मात्र थांबायला तयार होती!

पोत्यात तळाशी एक भोपळा उरला होता, जरासा वाकडा. तो घेऊन ती मांडी घालून बसली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. संतोषभाऊ गाडीवर बसून बघत राहिले... मग इंजिन बंद करून ओट्यावर आले.

"आन इकडं कानस. भोक मी पाडून देतो."

"बाबा, मले करू द्या. तुमी भोपया धरा फक्त."

त्यांनी धरला. ऊन ओट्यावर येईपर्यंत धरून बसले.

जयंतीला पोरांनी झकास गाणं म्हटलं. एकताऱ्या वाजल्या, टाळ्या पडल्या. जिया पहिल्या रांगेत, रिकाम्या हातांनी, पण सगळ्यात मोठ्या आवाजात. स्टेजवरून खाली उतरल्यावर एका काकूंनी विचारलं, "तुही एकतारी कुठं हाय वं?"

"बनून राह्यली," जिया म्हणाली. ना रडवेला चेहरा, ना लाज... शाळेतून यायला उशीर होणाऱ्या बहिणीबद्दल सांगावं इतकं सहज.

जयंतीनंतर तिचं येणं बंद व्हायचं होतं. झालं नाही. रविवार उजाडला की बापलेक दोघंही ओट्यावर हजर. एका सकाळी बांबू खरंच आपसूक आत सरकला, तेव्हा तिने कुणाला ओरडून सांगितलं नाही... नुसती माझ्याकडे बघून हसली.

आणि परवा तार चढली. ना माईक, ना मंडप. पहिल्यांदा छेडली तर सूर भलतीकडेच. ती भोपळ्याला कान लावून बांबूच्या टोकाची खुंटी केसभर पिळायची, छेडायची, पुन्हा पिळायची. मग सूर लागला... आणि तिने अख्खं कडवं म्हटलं, एकदाही लय न पळवता.

संतोषभाऊ मान खाली घालून ऐकत होते. नंतर माझ्याजवळ आले. "ताई, पोट्टी घरी एका जागी बसत नाही. मले वाटलं होतं तिले जमनारच नाही." मग म्हणाले, "धाकटीले बी आनू का पुढच्या रविवारी?"

आणा की भाऊ!

मुलं थांबू शकतात. त्यांच्या शेजारी भोपळा धरून बसणारं माणूस तेवढं हवं. ते डोळ्यांनी बघायला मिळालं... जिया, तुझे आणि तुझ्या बाबांचे मनापासून आभार.