बिराजदार बाईंचा वारा

बिराजदार बाईंसमोर कोणी ‘साधारण’ म्हटलं की त्याची धडगत नसे. सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवा अधिव्याख्याता होतो. चहावाला म्हणाला, ‘साधारण अर्ध्या तासात आणतो,’ तर बाई विचारायच्या, ‘गर्दी असताना अर्धा तास, का नसताना, ते सांग की.’ पुढे पुढे तो मुकाट्याने कप ठेवून निघून जाऊ लागला. घरात कानडी, बाहेर मराठी आणि भांडणात दोन्ही, असा त्यांचा खाक्या होता. भांडणं त्यांना शोधावी लागत नसत.

सत्तरच्या दशकात डिझेल महागलं आणि सरकारला वाऱ्याची आठवण झाली. माढ्याच्या बाजूला एका गावात विहिरीवर पवनचक्की बसवायचं ठरलं. ती किती पाणी उपसेल, त्या अंदाजावर आमच्या कॉलेजची सही हवी होती. अंदाज भरघोस निघाला, तर गावाला मंजूर झालेले विजेचे खांब दुसरीकडे जाणार होते. योजनेचे साहेब आकडेमोड तयारच करून आले. बाईंनी फक्त सही करायची होती.

बाईंनी कागद वाचले. ‘वाऱ्याच्या नोंदी कधी घेता?’

‘आमचा माणूस घेतो. रोज अकरा ते पाच.’

‘आणि पाचनंतर?’

‘पाचनंतर ऑफिस सुटतं, बाई.’

‘मग वारा पण तुमच्याच ऑफिसात नोकरीला हाय काय ओ?’ बाई म्हणाल्या. ‘दुपारी तो उधळतो आणि दिवस मावळला की मान टाकतो. तुम्ही दुपारचा वारा चोवीस तासांना लावलाय. परत वारा मोजायचं यंत्र उघड्या माळावर, आणि विहीर खाली ओढ्याकाठी, बाभळींच्या आड.’

साहेबांनी सरासरीचा विषय काढला. ‘सरासरीनं ज्वारी पिकत नाही ओ साहेब. आषाढात वारा लई, तेव्हा पाणी वरनंच पडतंय. कार्तिकात पाणी पाहिजे, तेव्हा पान हलत नाही.’ कागद त्यांनी तसेच परत दिले.

प्राचार्यांनी बोलावून बढतीची आठवण करून दिली. ‘बढती अडवा,’ बाई म्हणाल्या, ‘सही मागू नका.’ माझी नोकरी तर अजून नवीच होती. पण दुसऱ्याच रविवारी मी त्यांच्याबरोबर एसटीत होतो. आम्ही विहिरीपाशी, चक्की बसणार होती त्या उंचीवर, वेगळं यंत्र बसवलं. गावच्या मास्तरांनी पहाटेपासून रात्री निजेपर्यंतच्या नोंदी अंगावर घेतल्या. वर्ष सरलं तेव्हा बाईंनी महिन्यामहिन्याचा वेगळा अंदाज काढला आणि चावडीवर उभं राहून वाचून दाखवला.

‘मग चक्की नगं म्हनायचं का, बाई?’ सरपंचांनी विचारलं.

‘चक्की घ्या. पण खांब सोडू नका.’

दोन्ही पाहिजेच म्हणून गाव हट्टाला पेटलं. खांब आले आणि मागोमाग चक्कीही आली. त्या कार्तिकात चक्की निपचित उभी राहिली, पण विजेचा पंप चालला आणि ज्वारी वाचली. फाल्गुनात मात्र बाईंनी बंद राहणार म्हणून सांगितलेली चक्की चांगली फिरली. साहेब ती बातमी द्यायला मुद्दाम कॉलेजात आले.

‘तुमचंही चुकलंच की, बाई.’

‘चुकलं,’ बाई म्हणाल्या, आणि रजेचा अर्ज लिहायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या चावडीवर. कोणी विचारलं नसताना बाईंनी आपली चूक सगळ्यांना सांगितली. ‘साहेबांनी दुपारचा वारा दिवसाला लावला, मी एका वर्षाचा वारा सगळ्या वर्षांना लावला. चुकीची जात एकच.’

सरपंच गोंधळले. ‘मग आता फुडं तुमचं खरं धरायचं का न्हाय?’

‘धरा. पण मोजायचं सोडू नका. मी परत चुकेन, पण याच्यापेक्षा कमी.’

आणि तसंच झालं. मास्तरांच्या नोंदी वाढत गेल्या, तसा अंदाज दर वर्षी खऱ्याच्या जवळ सरकत गेला. बाईंची बढती मात्र अखेरपर्यंत झाली नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभानंतर मी धीर करून विचारलं, एका सहीपायी एवढं गेलं, वाईट नाही वाटत?

‘वाटतं की. मी काय दगड हाय? पण त्या गावातनं जाताना मला तोंड लपवावं लागत नाही.’

दोन वर्षांनी बाई गेल्या. त्यांच्याबरोबर काम करणं हा फार मोठा त्रास होता. तसा त्रास मला पुन्हा कोणी दिला नाही.