शिडीने दिलेला शब्द

ती घरातून निघाली तेव्हा आई बॅगेची चेन ओढत म्हणाली होती, "घरात स्वतःचं ताट उचलत नाही आणि निघाली समाजाची सेवा करायला." वडील आतून म्हणाले, "जाऊ दे गं. समाजाने उचलायला लावलं तर उचलेल."

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठल्याही इमारतीतून फोन आला की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "हा काय, निघालोच." हे ते गालाला साबण फासून, आरशासमोर उभे राहून म्हणायचे. मग दुसरा फोन यायचा, तिसरा यायचा, आणि ते घ्यायचं काम हिच्याकडे. "बाबा निघालेत हो, पोचतीलच," असं ती बारीक आवाजात सांगायची. एकदा वरच्या मजल्यावर अडकून पडलेल्या एक बाई पलीकडून अगदी मायेने म्हणाल्या, "बाळा, तू खोटं बोलतेयस ना?" हिने फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडली. त्या दिवसापासून तिने एक खूणगाठ बांधली: आपण 'येते' म्हटलं की यायचं. मैत्रिणी हसायच्या. पाच मिनिटं उशीर होणार असला तरी ही आधी कळवायची.

तिचं सेवापथक एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायचं. वर्षभर तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं आणि दिवसा गावातल्या म्हाताऱ्या, एकट्या माणसांच्या घरांची डागडुजी करायची. कुणाची गळकी मोरी, कुणाचं निखळलेलं दार. भिंतींना अजून शाईचा वास होता आणि उशीवर डोकं ठेवलं की तो नाकात शिरायचा. पहिल्या दिवशी सामानाची मोजदाद चालली होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "शिड्या किती?" दुसऱ्याने तिच्याकडे वर बघत उत्तर दिलं, "दोन, आणि ही तिसरी." तेव्हापासून ती शिडी.

पथकात सगळं काम जोडीने चालायचं. जोडीने सिमेंट उचलायचं, जोडीने भांडी घासायची, एकाची चूक झाली तर दोघांनी निस्तरायची. शिडीच्या जोडीला आला गोंद. ज्याच्याशी बोलेल त्याला चिकटायचा, म्हणून गोंद. आवाज असा मऊ की स्वयंपाकाच्या मावशी त्याला बघितलं की न मागता दुसऱ्यांदा वाढायच्या. वाक्याच्या शेवटी 'गळ्याशप्पथ' लावायची त्याला सवय. "आज मीच लवकर उठलो, गळ्याशप्पथ." "चहा मी प्यायलोच नाही, गळ्याशप्पथ." इतक्या वेळा शपथ घेऊनही त्याचा गळा शाबूत होता, याचं शिडीला तेव्हा नुसतं हसू यायचं.

पथकाचे प्रमुख होते दादा. दादांचं प्रत्येक बोलणं 'म्हणजे बघा' पासून सुरू व्हायचं, मग बघायला काही असो वा नसो. त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. "म्हणजे बघा, कुठल्याही घरी शब्द द्यायचा नाही. 'करतो' म्हणायचं नाही. 'प्रयत्न करू' म्हणायचं." आधीच्या कुठल्यातरी पथकातल्या पोराने एका आजींना नवं छप्पर देतो म्हणून सांगितलं होतं. वर्ष संपलं, पथक गेलं आणि आजी सामान बांधून बसून राहिल्या. तेव्हापासून जो शब्द देईल त्याचं ते घर काढून घ्यायचं आणि त्याला दुसरीकडे धाडायचं. पोरांनी नियमाची पार चटणी केली होती. जेवताना कुणी "जरा पाणी दे" म्हटलं की समोरून गंभीर आवाजात उत्तर यायचं, "प्रयत्न करू."

दुसरी रीत होती गोलाची. संध्याकाळी जेवणाआधी सगळे गोल करून बसायचे आणि गवंड्याची एक जुनी थापी हातोहात फिरायची. ज्याच्या हातात थापी त्याने त्या दिवसाची आपली चूक सांगायची. फक्त आपली. दुसऱ्याची चूक काढली की थापी काढून घ्यायची. म्हणून सगळे जपून बोलायचे. "माझी चूक अशी की मी ब्रश धुतला नाही." "माझी चूक अशी की मी स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष न देता फार राबले." डुलकी नावाचा एक पोरगा रोज सांगायचा, "माझी चूक अशी की मला डुलकी लागली," आणि हे सांगतानाही पेंगत असायचा.

शिडी-गोंदाच्या वाट्याला घड्याळवाले आजोबा आले. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता पाय गेलेले, व्हीलचेअरवर बसून दिवसभर खिडकीतून कोपऱ्यावरचं दुकान बघायचे. ते दुकान एकेकाळी त्यांचं होतं, तिथे आता चष्मेवाला बसत होता. दारासमोर पायऱ्या, त्यामुळे आजोबा वर्षानुवर्षं घरातच. दवाखान्यात न्यायचं झालं तर दोन शेजारी उचलायला यायचे.

"कपाट उतरवतात तसं उतरवतात गं," आजोबा सांगायचे. "मागच्या वेळी एक जण दुसऱ्याला म्हणाला, सावकाश, कोपरा लागेल. मी म्हटलं, अरे, निदान आरसा तरी सांभाळा."

काम होतं पायऱ्यांवर रॅम्प बांधायचं. पहिल्या दिवशी शिडीने टेप लावली तेव्हा आजोबा तोंड वाकडं करून म्हणाले, "मोज, मोज. तुम्ही पोरं येता, मोजता, टेप गुंडाळता आणि जाता. याआधी दोनदा मोजून झालंय. पायऱ्या काही वाढलेल्या नाहीत."

गोंद सिमेंट आणायला गेला होता. शिडीच्या ओठावर 'प्रयत्न करू' आलंच होतं, पण आजोबांच्या डोळ्यांत तिला ती वरच्या मजल्यावरची बाई दिसली. "आजोबा," ती म्हणाली, "मी हा रॅम्प पुरा केल्याशिवाय जाणार नाही. तुम्ही पहिल्यांदा उतराल ना, तेव्हा खाली मी उभी असेन. शब्द."

आजोबांनी तिला नीट न्याहाळलं. "खाली उभी राहा बरं का. मी आलो सुसाट, तर अडवायला कुणीतरी उंच माणूस हवं."

गोंदाला वाटेत गाठून आजोबांकडे परतताना सिमेंटची गोणी दोघांच्या मध्ये होती, एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. तिच्याने राहवलं नाही. "गोंद्या, मी आज शब्द दिला."

गोंद थांबला. गोणी लोंबकळली. मग तो हसला. "एवढंच ना? मला वाटलं, काही पाडलंस की काय. माझ्या पोटात गेलं ते गेलं. गळ्याशप्पथ."

तिला इतकं हलकं वाटलं की पुढे तिने गोणीचा जास्त भार आपल्याकडे घेतला.

रॅम्प चढत गेला. आजोबा रोज खिडकीतून हुकूम सोडायचे, "शिडे, डावीकडे पाणी साचेल बघ," आणि शिडी पुन्हा थापी फिरवायची. जेमतेम कठडा राहिला होता तेव्हा दादांनी सांगितलं की पुढच्या वर्षाच्या पथकासाठी यातल्याच एकाला उपप्रमुख म्हणून ठेवायचं आहे. "म्हणजे बघा, हुशारी नको मला. प्रामाणिकपणा हवा."

त्या संध्याकाळी गोलात थापी गोंदाकडे आली. त्याने ती दोन्ही हातांत धरली, मान खाली घातली.

"माझी चूक जरा मोठी आहे," तो म्हणाला. "मी कुणाचं नाव घेणार नाही, गोलाचा नियम मला माहीत आहे. माझी चूक अशी की माझ्या जोडीदाराने एका घरी शब्द दिला. मला ते ठाऊक होतं. आणि मी गप्प बसलो. मला झोप लागत नाहीये."

नाव त्याने खरंच घेतलं नाही. पण जोडीदार माणसाला एकच असतो. सगळ्या माना एकदम शिडीकडे वळल्या. डुलकीसुद्धा जागा झाला.

दादांनी गोंदाच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे बघा, याला म्हणतात धैर्य." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. शिडीचेही हात सवयीने वर आले होते, ते तिने मांडीखाली दाबून ठेवले. थापी तिच्याकडे आली तेव्हा दांडा त्याच्या घामाने ओला होता.

नंतर नळावर भांडी घासताना तिने विचारलं, "का सांगितलंस?"

"मी तुझं कुठे सांगितलं?" गोंद ताटावरून हात फिरवत म्हणाला. "माझंच सांगितलं. आणि मनाला लावून घेऊ नकोस. उद्या आजोबांनीच दादांना सांगितलं असतं तर? तुझ्याच भल्यासाठी, गळ्या…"

"शपथ घेऊ नकोस," ती म्हणाली. "ताट नीट धू."

दुसऱ्या दिवशी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेच्या कोठारातला जुना रंग खरवडायला पाठवलं. जोडीला डुलकी. ती दादांकडे गेली. म्हणाली, घर काढून घ्या, पण आजोबा पहिल्यांदा उतरतील तेव्हा मला तासभर सोडा. दादा वाईट माणूस नव्हते, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना फार वेळ लागला. "म्हणजे बघ, मला कळतं. पण एकाला सोडलं तर नियम राहतो का? मी तुझा निरोप देतो त्यांना. गोंद सांगेल."

गोंद सांगेल. याहून वाईट काही त्यांनी ठरवून म्हणायचं म्हटलं असतं तरी सुचलं नसतं.

तो दिवस आला तेव्हा ती दुपारच्या सुट्टीत केसात रंगाचे पापुद्रे घेऊन पळत सुटली. पोचली तेव्हा रॅम्पच्या खाली गर्दी होती. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. आजोबा उतरून झाले होते. रस्त्याच्या कडेला उन्हात खुर्ची लावून ते कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे बघत होते, आणि खुर्चीमागे गोंद उभा होता, दोन्ही हात ढकलायच्या मुठींवर, चेहऱ्यावर फोटोचं हसू.

"आजोबा," ती धापा टाकत म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं. "या. कशाला तसदी घेतलीत? कामात होतात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"हा तुमचा जोडीदार. म्हणाला, तिला रंगकाम जास्त आवडतं, स्वतःहून मागून घेतलं."

तिने गोंदाकडे पाहिलं. गोंद खुर्चीच्या चाकाकडे बघत होता, जणू ते पहिल्यांदाच पाहतोय.

"आजोबा, मी मागितलं नाही. मला…"

"असू द्या हो," आजोबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "टेप गुंडाळली, झालं. रॅम्प छान झालाय."

"जरा बाजूला होता का?" फोटोग्राफर म्हणाला. "सावली येतेय तुमची."

ती बाजूला झाली. उंच माणसाची सावली लांब पडते, म्हणून आणखी एकदा बाजूला झाली. तिथून सरळ शाळेकडे चालायला लागली. वाटेत तिला आठवलं, साबण लावलेले वडील निदान नंतर तरी पोचायचे.

त्या संध्याकाळी थापी तिच्या हातात आली तेव्हा तिने ती नुसती उलटसुलट करून पाहिली. सगळे थांबले होते. जेवण गार होत होतं.

"म्हणजे बघ, काहीच नाही?" दादांनी विचारलं.

"आज मी कुणालाच शब्द दिला नाही," ती म्हणाली.

"अरे वा," दादा खूश होऊन म्हणाले. "ही चूक नाही, ही तर प्रगती."

आठवडाभराने गोंद उपप्रमुख झाला. मावशींनी त्याला तिसऱ्यांदा वाढलं. फोटो छापून आला, आणि शिडीच्या आईने तो बघून फोन केला, "तू कुठे आहेस यात?" शिडी म्हणाली, "मी रंगवत होते गं." आई म्हणाली, "ताट उचलतेस ना?" शिडी म्हणाली, "हो, दुसऱ्यांचीसुद्धा."

कोठाराचं काम संपत आलं होतं. शिडी शिडीवर चढून छताजवळची पट्टी रंगवत होती. खाली डुलकी घुटमळत होता, जागा, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"शिडे, एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?"

तिचा ब्रश थांबला नाही. "मग मलाही सांगू नकोस."

डुलकीचा चेहरा पडला. त्याला कुणालातरी सांगायचंच होतं. तो बाहेर व्हरांड्यात गेला. तिथे नवे उपप्रमुख पाहणीला आले होते. शिडीला छताजवळून सगळं ऐकू येत होतं.

"काय रे, तोंड का असं?" मऊ आवाज विचारत होता. "झालंय काय? सांग ना. माझ्या पोटात गेलं ते गेलं."

मग डुलकीचा आवाज, "नाही म्हणजे, ते मागचं दार मी बंद असतानाच रंगवलं आणि…"

ब्रशवरून रंगाचा एक थेंब सुटला आणि खाली फरशीवर पडला. शिडीने मान वळवून दाराकडे बघून हाक मारली, "डुलक्या, इकडे ये. शिडी हलतेय, धर."

शिडी हलत नव्हती. डुलकी धावत आला, दोन्ही हातांनी शिडीचे दांडे धरले आणि वर बघू लागला.

"धरली. आता?"

"आता काही नाही," ती पुन्हा पट्टीवर ब्रश टेकवत म्हणाली. "तोंड बंद ठेवून धर."