चौथ्या रांगेतला प्रवासी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, चौकशीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. कदाचित कधी माझ्याच विमानातून गेलाही असाल. उतरताना दारात उभं राहून मी तुम्हाला नमस्कारही केला असेल.

मी कॅप्टन आहे. विमानाचं दार बंद झालं की ते पुन्हा उघडेपर्यंत आतला प्रत्येक जीव माझ्या हवाली असतो. विमान उडवणं, उतरवणं — ते सहवैमानिकही करतो. कॅप्टनचं खरं काम म्हणजे शेवटचा शब्द. कुणाला खाली उतरवायचं, कुणाला बांधायचं, हे तो ठरवतो. आणि बांधलेल्या माणसाचा जीवही त्याच्याच हवाली असतो. जरा जास्तच — कारण त्या माणसाला आता स्वतःचं तोंड झाकायला हातसुद्धा नसतात. हे मी नव्या मुलांना शिकवतो. शिकवताना माझा आवाज जराही हलत नाही.

मी अकोल्याचा. वडील एसटीत मेकॅनिक होते. घरात आम्ही सगळे वऱ्हाडीच बोलायचो — मले, तुले, काहून बे. वैमानिक व्हायला बाहेर पडलो तेव्हा बरोबरची पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायची. मी ती भाषा पुसून टाकली. अशी पुसली की पुढे कुणी गाव विचारलं तर सरळ पुणे सांगायचो. हा काही मोठा गुन्हा नव्हे, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तो मधे आला, म्हणून सांगतोय.

दिल्लीहून नागपूरची दुपारची फेरी होती. विमानात बहुतेक सगळे दिल्लीकडचेच, नागपूरला एका लग्नाला निघालेले लोक होते. उन्हाळ्याचे दिवस. दार लागलं आणि धुळीच्या वादळानं सगळी उड्डाणं अडली. विमान केव्हाही हलेल म्हणून मी खाणं-पिणं वाटू दिलं नाही. ते हललंच नाही. वातानुकूलन जेमतेम चालत होतं, लोक घामानं निथळत होते, पोरं रडत होती, मागून शिव्या येत होत्या. प्रवाशांना समजावणं हेही कॅप्टनचंच काम, म्हणून मी बाहेर आलो. दोन वाक्यं बोललो असेन, तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस ओरडला —

"काहून बे सायब, इमान हाये का खटारा? उडत नसन त सांगून दे, एस्टीनं जातो!"

'खटारा' तेवढं सगळ्यांना कळलं. सगळं विमान हसलं, टाळ्या पडल्या. मला मात्र पूर्ण वाक्य कळलं होतं. माझ्याच गावाकडचा माणूस, माझ्याच बापाच्या वयाचा, माझ्याच बापाच्या आवाजात मला सगळ्यांदेखत उघडं पाडतोय, असं वाटलं. कॉकपिटमध्ये परत आलो तेव्हा कानशिलं तापली होती.

उड्डाणानंतरही हवा खराबच होती. पट्टे बांधून ठेवायचा दिवा मी चालूच ठेवला, म्हणजे खाणं परत लांबलं. मग केबिनप्रमुख रितूचा फोन आला. चौथ्या रांगेतला माणूस उठून पुढे आलाय, झोकांड्या खातोय, तिचा हात धरून ओढतोय. "सर, वो गोद माँग रहा है. बार बार. गोद दो, गोद दो." हिंदीत गोद म्हणजे मांडी. दुसऱ्या मुलीनं अडवलं तर तिच्या तोंडावर त्याचा हात बसला होता. नाकातून रक्त येत होतं.

मी म्हणालो, "बाँध दो."

आदेश म्हणून तो चुकीचा नव्हता. इथपर्यंत मी कुणालाही तोंड देऊ शकतो. इथपर्यंतच.

रितूनं फोन खाली ठेवला नव्हता. दाराबाहेरचा कॅमेरा समोरच्या छोट्या पडद्यावर चालू होता. तीन प्रवासी मदतीला धावले होते. मदत कसली — दुपारभर उकडून निघालेली माणसं ती, त्यांना मारायला कुणीतरी हवंच होतं. एकानं म्हाताऱ्याला मागून गळ्यात हात घालून पाडलं. दुसरा त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला. हात मागे नेऊन प्लास्टिकचे पट्टे आवळले गेले. आणि फोनमधून, रितूच्या धापेमागून, तो आवाज मला आला. जड, अडखळता —

"बाई... गोड दे वो... थोडंसं गोड..."

गोद नाही. गोड.

कळलं का तुम्हाला? मला कळलं. त्याच क्षणी कळलं. वडिलांना शुगर होती. इन्शुलिनची सुई घेऊन जेवायला उशीर झाला की ते असेच व्हायचे — घामाघूम, जीभ जड, डोळे भलतीकडे, अंगात दहा माणसांचं बळ. एकदा त्यांनी आईच्या थोबाडीत मारली होती, आणि त्या मारासकट आईनं त्यांच्या तोंडात साखर कोंबली होती. मी तेव्हा दारात उभा होतो. त्यामुळे मला शंका होती असं मी म्हणू शकत नाही. मला शंका नव्हती.

एक बटण दाबून बोलायचं होतं. थांबा, त्याला साखर द्या. एवढंच. सहवैमानिक मुलगा पंजाबचा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, आप तो महाराष्ट्र से हैं. ये क्या बोल रहा है?"

मी म्हणालो, "कुछ नहीं. पी के आया है."

का? दिलेला आदेश त्या पोरासमोर मागे घ्यायची लाज वाटली — हो. ही माझी भाषा आहे हे कबूल करावं लागलं असतं — तेही हो. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी आत जे होतं ते वेगळं होतं. पडद्यावर बांधलेल्या माणसाच्या बरगडीत बूट बसला आणि मला बरं वाटलं. हे लिहायला इतकी वर्षं लागली. मला बरं वाटलं. आता म्हण खटारा, असं मी मनात म्हणालो.

मग तिसऱ्यानं कमरेचा पट्टा काढला. मारणं बंद दारातून ऐकू येत होतं — आधी सपासप, नंतर ओलं. रितू "छोड़ो, छोड़ो" ओरडत होती, तिला ढकलून दिलं. म्हाताऱ्यानं मान वर केली, परत काहीतरी मागितलं असेल, तेव्हा एकानं केसांना धरून त्याचं तोंड खाण्याच्या ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. पडद्यावर रंग दिसत नाहीत. काळं काहीतरी पांढऱ्या सदऱ्यावर पसरत गेलं. मी बघत होतो. विमान नीट चाललं होतं, माझ्या हाताला काम नव्हतं, मी नुसता बघत होतो.

त्याला झटके यायला लागले तेव्हा कुठे मी जागा झालो. डॉक्टर आहे का म्हणून विचारलं, "शुगर असेल, बघा" असंही म्हणालो — जणू आत्ताच सुचलं. प्रवाशांतली एक डॉक्टरीण धावली. पण दातखीळ बसली होती, तोंडात रक्त भरलं होतं, साखर द्यायची कुठून? नागपूरला उतरलो. स्ट्रेचर गेल्यावरच मी कॉकपिटचं दार उघडलं. पायरीपर्यंत लादीवर रक्त होतं आणि त्यात कुणाचीतरी तुडवलेली चप्पल.

चौकशीत मी सांगितलं — प्रवासी नशेत वाटला, भाषा समजली नाही. रक्तात दारू निघाली नाही, तेव्हा दोष रितूवर आला. आजारी माणूस ओळखता आला नाही म्हणून तिची नोकरी गेली. त्या तिघांवर खटला झाला. मला, बिकट प्रसंगात विमान सुरक्षित उतरवलं म्हणून, शाबासकी मिळाली. मी ती घेतली.

त्या माणसाचं नाव महादेवराव. अमरावतीजवळच्या वलगावचे, झेंडू-शेवंतीचे मळे असलेले. दिल्लीत नोकरी करणाऱ्या मुलीकडे पहिल्यांदाच गेले होते. ते वाचले. डावा डोळा गेला, वाचा गेली. बाईची छेड काढल्याचा आरोपही अंगावर राहिला, आणि तो खोडून काढायला त्यांच्याकडे बोलणं उरलं नव्हतं.

मी एकदा वलगावला गेलो. कंपनीकडून विचारपूस करायला आलोय असं सांगितलं. ते ओसरीत खाटेवर होते. उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नसावं. त्यांच्या बायकोनं मला खुर्ची दिली, स्वतः फुलांच्या ढिगाशी खाली बसली. अमरावतीच्या बाजारात आता ती एकटीच फुलं नेत होती.

"सायेब, बाजारात बाया माह्याकडं पाहून हासतात," ती म्हणाली. "इमानात म्हातारपनी बाईच्या अंगावर गेला म्हनतात. या मानसानं गोड मांगतलं असन हो. त्याची शुगर उतरली का तो गोडच मांगते, दुसरं काही नाही. एवढ्या मोठ्या इमानात आपलं बोलनं समजनारा एकबी मानूस नव्हता का?"

मी खुर्चीवरून उठलो. अगदी स्वच्छ, पुणेरी मराठीत म्हणालो, "नाही काकू. दुर्दैवानं कुणीच नव्हतं."

तिनं मान हलवली. तिनं विश्वास ठेवला. निघताना हात जोडले, एवढ्या लांबून आलात म्हणाली.

तिथून मी अकोल्याला आईकडे गेलो. तिनं वाढलं, मी जेवलो, पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर गाठलं आणि भरलेलं विमान घेऊन दिल्लीला गेलो.