‘जेवली का?’ न विचारणारी बाई

“याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात,” चंद्रपूरच्या डॉक्टर म्हणाल्या. “तिला भूक लागते, पण जेवायची भीती वाटते. हा मनाचा आजार आहे आणि यात जीव जाऊ शकतो.”

अकरावीतली माझी प्राची शेजारी स्वेटर घालून बसली होती. चंद्रपूरच्या मे महिन्यात.

तोवर आम्ही जंताच्या गोळ्या दिल्या होत्या, सोनोग्राफी केली होती, दृष्टही काढली होती.

आमच्याकडे भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, “जेवली का?” विचारतात. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरपासून बसथांब्यापर्यंत प्राचीला दारोदार हेच ऐकू यायचं. विचारणारे मायेनं विचारत, त्यामुळे बोल तरी कुणाला लावणार? शेवटी तिनं बाहेर पडणंच सोडलं.

डॉक्टर म्हणाल्या, “अशा घरातल्या लोकांनी एकमेकांना भेटावं. इथे तसा गट नाही, तुम्हीच सुरू करा.” मला रागच आला. पोरगी हातची चालली आणि मी सभा भरवू? तरी ‘दर रविवारी आमच्या घरी भेटू’ अशी चिठ्ठी दवाखान्यात लावली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. कितीतरी रविवार मी आणि नवरा सतरंजी टाकून दोघंच बसलो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण ही चूल आमच्याच घरी असावी असं वाटायचं. शेजारी सल्ला द्यायचे, “दोन थापडा द्या, जेवते बरोबर.”

मग एका रविवारी भद्रावतीहून शीलाबाई एसटीनं आल्या. त्यांच्या मुलाला बुलिमिया होता, म्हणजे भसाभसा खायचं आणि मग मुद्दाम ओकायचं. सवयीनं मी दारातच विचारलं, “जेवण झालं का, बाई?”

त्या उंबऱ्यावरच रडायला लागल्या. “हे नका विचारू, बाई. घरी दिवसभर हेच चालू राह्यते.”

आमच्या दोन घरांच्या गटाचा तोच पहिला नियम झाला.

आता प्राची पुन्हा ॲडमिट आहे. पोटॅशियम घसरलंय, म्हणजे हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. नाकात नळी आहे. तुमच्या घरी हे असेल तर खोटा धीर मी देणार नाही. ती बरी होईल असं मला बहुतेक दिवस वाटत नाही.

काल शीलाबाई वॉर्डात आल्या. पाहुणी दिसताच प्राचीनं भिंतीकडे तोंड केलं. शीलाबाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “स्वेटर कोणं विणलं व, माय?”

प्राची भिंतीकडे बघतच बोलली. “आजीनं.” मग म्हणाली, “मले लय थंडी वाजते, काकू.”

मी काहीही विचारलं तरी वर्षभर ती “काई नाई” एवढंच म्हणायची.

शीलाबाईंनी तिच्या पायांवर चादर ओढली आणि पाय हातांत धरून बसून राहिल्या. जेवणाचं त्यांनी काही विचारलं नाही.