शिळी नोंद

कामाला लागण्याआधी ताई बाही वर सारून पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवायच्या. "आधी पाण्याला विचारा, सर," म्हणायच्या. आम्ही इंजिनिअर मंडळी हसायचो. अशी एखादी बाई तुमच्याही कंपनीत असेल. तुम्हीही हसला असाल.

चिखलीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची छोटी कंपनी पाण्याखालची वस्तू आवाजाने शोधायचं यंत्र बनवत होती. टाकीत बारा माइकांची रांग. ते ऐकायचे आणि बोलायचेही. बुडवलेल्या लोखंडी गोळ्यावर आदळून आलेला आवाज नोंदवायचा, तो उलटा करायचा, शेवट आधी आणि सुरुवात नंतर, आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. मग तो पसरत नाही. आल्या वाटेने परत जाऊन नेमका गोळ्यापाशी एकवटतो.

ताई दापोडीहून दोन बस बदलून यायच्या. माइकांची जोडणी करणं, त्यांत पाणी शिरू नये म्हणून ते बंदिस्त करणं, हे त्यांचं काम. अकरा वर्षं, कंत्राटावर.

सकाळी घेतलेली नोंदच आम्ही दिवसभर वापरायचो. सकाळी जमणारा प्रयोग दुपारी फसायचा. आवाज गोळ्याच्या आजूबाजूला विखुरायचा. तीन आठवडे आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. एका दुपारी ताई म्हणाल्या, पत्रा तापला की वरचं पाणी कोमट होतं, तळाचं गारच राहतं, मग आवाजाची वाट तीच कशी राहील?

"सकाळची नोंद शिळी झाली ना, सर."

मॅनेजरांनी त्यांना चहाचे कप उचलायला सांगितलं. त्यांनी उचलले.

मी गुपचूप दुपारचीच नवी नोंद घेऊन पाहिली. आवाज गोळ्यावर बरोबर बसला.

अहवाल मी लिहिला. ताईंनी एकदाच विचारलं, "माझं नाव येईल का, कुठंतरी खाली?" कंत्राटी माणसांची नावं घालत नाहीत, असं मॅनेजर म्हणाले. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी वाद घातला नाही. यंत्र विकत घेणारे अधिकारी प्रात्यक्षिक बघायला आले, त्या दिवशी ताईंना सुट्टी दिली. पुढच्या महिन्यात त्यांचं कंत्राट संपवलं.

गेल्या वर्षी चाकणला ताई दुसऱ्या एका कंपनीच्या बसची वाट बघताना दिसल्या. आता तिथे पॅकिंगला होत्या. मला पाहून उभ्या राहिल्या आणि सोबतच्या बाईला म्हणाल्या, "हे आमचे सर. पाण्यातली चूक यांनीच शोधली."

त्यांच्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता.

ती बाई कौतुकाने माझ्याकडे बघत होती. बस येईपर्यंत वेळ होता. मी हसून मान डोलावली.